तेविसावा गुरू : घरातला कोळी ओळखावा कसा, पाळावा कसा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

अवधूतांनी यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले, ती कथा भागवताच्या एकादश स्कंधात आहे. नाथमहाराजांनी ती मराठीत आणली म्हणून ती आपल्या घराघरांत पोचली. पृथ्वीपासून सुरू झालेली ही यादी शेवटी कोळी आणि कुंभारमाशी यांच्यापाशी येऊन थांबते. तेविसावा कोळी, चोविसावी कुंभारमाशी. समुद्र नि अजगर पाहायला लांब जावं लागतं. हे दोन गुरू मात्र आपल्या माजघरातच राहतात. आणि दत्तजयंती जवळ आली की आपण लांब काठीला कुंचा बांधून तेविसाव्या गुरूंना घराबाहेर काढतो!

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी कोळी ओळखण्याचा, चार दिवस पाळून पुन्हा सोडून देण्याचा छंद लावून घेतला. त्याला आता बारा वर्षं झाली. खर्च जवळजवळ शून्य. एक भिंग, दोन-तीन बरण्या आणि एक वही एवढं पुरतं. गुडघे दुखत असले तरी घरबसल्या करता येतो, म्हणून आपल्या वयाच्या मंडळींसाठी हे चार शब्द.

ओळख कशी करावी

आधी एक गोष्ट. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे तीन भाग, कोळ्याचे दोन. बहुतेक कोळ्यांना डोळे आठ असतात आणि ते कसे मांडलेत यावरून कूळ ओळखता येतं. तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात. त्यांची टोकं फुगीर, मुठीसारखी दिसली तर तो वाढ झालेला नर. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. साध्या भिंगाने आपण कुळापर्यंत पोचतो. नेमकी जात ठरवायला बहुधा सूक्ष्मदर्शक लागतो. कुळापर्यंत पोचलो तरी आनंद कमी नाही.

घरातले तिघे आधी ओळखा.

पहिला, छताच्या कोपऱ्यात विस्कटलेलं जाळं करणारा, काडीसारख्या लांब पायांचा. त्याला फुंकर मारली की अंग गदागदा हलवतो, इतका की दिसेनासा होतो. याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते.

दुसरा, भिंतीवर उड्या मारणारा छोटा. जाळं करत नाही. समोरचे दोन डोळे मोठे. आपण बोट हलवलं की वळून बघतो. उडी मारताना मागे एक धागा चिकटवून ठेवतो, गिर्यारोहकाने दोर बांधावा तसा. माश्या, डास हे त्याचं अन्न.

तिसरा, कपाटामागचा चपटा, पाय पसरले की तळहाताएवढा. याला पाहून घरात आरडाओरडा होतो. पण हा झुरळं खातो. मादी पांढऱ्या नाण्यासारखी अंड्यांची पिशवी पोटाशी धरून फिरते. तशी दिसली तर तिला हात लावू नका.

अंगणात नि शेताच्या बांधावर सही करणारा कोळी भेटेल. चक्राकार जाळ्याच्या मध्यावर फुलीच्या आकाराची पांढरी नागमोडी नक्षी, आणि त्या फुलीवर आठ पाय जोडीजोडीने ठेवून बसलेली पिवळ्या पट्ट्यांची मादी. या गटातल्या आपल्याकडच्या एका जातीचं शास्त्रीय नाव ‘आर्जिओपी अनसुजा’. १८८७ साली थोरेल या स्वीडिश अभ्यासकाने तिचं वर्णन केलं. ते नाव वाचताना मला दरवेळी अनसूयामातेची आठवण होते.

औदुंबराच्या खोडावरही नजर टाका. सालीच्याच रंगाचा, मागे दोन शेपट्यांसारखे लांब अवयव असलेला कोळी खोडाला चिकटून असतो. तो हलेपर्यंत दिसत नाही. प्रदक्षिणा घालताना किती वेळा आपण त्याच्या शेजारून जातो!

पाळायचा कसा

हाताने पकडू नये. कोळ्यावर काचेचा पेला उपडा ठेवावा आणि खालून जाड पुठ्ठा सरकवावा. रुंद तोंडाच्या बरणीला मलमलीचं फडकं रबराने बांधावं, आत एक सुकी काटकी ठेवावी. एका बरणीत एकच. दोन ठेवले तर दुसऱ्या दिवशी एकच उरतो. बरणी उन्हात नको. पाण्याचे दोन-चार थेंब आतल्या बाजूला शिंपडावेत आणि तीन-चार दिवसांनी एखादी जिवंत माशी सोडावी. खाणं बंद करून कोळी निश्चल बसला तर तो मेला असं समजू नका. कदाचित कात टाकायची वेळ आली असेल. त्या वेळी बरणी हलवू नये. तुटलेला पाय काही वेळा पुढच्या कातीनंतर पुन्हा फुटलेला मी पाहिला आहे. आठवड्याभरात जिथून आणला तिथेच सोडावा. जंगलातले मोठे केसाळ कोळी मात्र आणू नयेत, विकतही घेऊ नयेत. अशा हौशीपायी आपल्या रानांतून ते चोरून नेले जातात.

‘कोळी मुतला’ म्हणजे काय

अंगावर जळजळीत पुळ्या आल्या की आपण म्हणतो, कोळी मुतला. यात कोळ्याचा दोष नसतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक लहान, लांबट, काळा-नारिंगी किडा अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसाने तशी भाजल्यासारखी रेघ उठते. आणि पुळ्या अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने आल्या, आधी तिथे ठणका लागला असेल, तर ती नागीण असू शकते. कांजिण्यांचाच विषाणू म्हातारपणी पुन्हा डोकं वर काढतो. तिथे लेप लावत बसू नये. पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांचं औषध सुरू झालं तर ते उत्तम लागू पडतं. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी जावं.

गुरू काय शिकवतो

आता मुख्य गोष्ट. कोळी हृदयातून तंतू काढून तोंडावाटे पसरतो, त्यात खेळतो आणि शेवटी तो गिळून टाकतो. ईश्वर तसंच विश्व निर्माण करून आवरून घेतो, असा पोथीतला दृष्टांत. मुंडकोपनिषदातही कोळी आहेच. माझी नात दहावीत आहे. बरणीकडे बघत ती म्हणाली, “आजोबा, धागा तर मागून निघतोय. मग पोथी खोटी?”

मी तिला संध्याकाळी गच्चीवर नेलं. तिथे एक चक्राकार जाळं विणणारी मादी रोज अंधार पडताना जाळं करते आणि पहाटे ते गोळा करून खाऊन टाकते. खाल्लेल्या रेशमातूनच नव्या जाळ्याचं द्रव्य तयार होतं. धागा पोटाच्या टोकाशी निघतो हे खरं. पण बाहेरून काही न आणता स्वतःतून काढणं आणि स्वतःत परत घेणं, जे दृष्टांताला सांगायचं आहे, ते तिने डोळ्यांनी पाहिलं.

कुंभारमाशीचं उत्तर जास्त अवघड. कोंडलेला किडा माशीचं ध्यान करता करता माशी होतो, असं आपण ऐकत आलो. मी भिंतीवरची अशी मातीची कोठडी फोडून पाहिली आहे. आत दंश करून लुळे केलेले लहान कोळी होते. काही माश्या अळ्या भरतात. माशी त्यांच्यावर अंडं घालते, त्यातली अळी हे अन्न खाऊन वाढते आणि माशी होऊन बाहेर पडते. आत गेलेला जीव माशी होत नाही. आमच्या पारायण मंडळात हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ नाराज झाले. “मग नाथांनी लिहिलं ते काय?” मी म्हटलं, “अण्णा, पोथी सांगतेय मनाबद्दल. मन ज्याला भीतीने, प्रेमाने किंवा द्वेषाने धरून बसतं, त्याच्यासारखं होतं, हे तुम्ही-आम्ही साठ वर्षं अनुभवतोय. किड्याबद्दल मात्र किड्यालाच विचारावं. अवधूतही तेच करत होते.” अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी मात्र त्यांनी स्वतःच्या ओसरीवरची कोठडी दाखवायला मला बोलावलं.

तेव्हा भक्तहो, यंदा सफाई जरूर करा. पण जाळं आणि जळमट यांतला फरक ओळखा. धूळ बसलेलं, लोंबणारं, ज्यात कुणी राहत नाही ते जळमट, ते काढा. ज्याच्यात धनी बसला आहे ते जाळं. देवघरात नको असेल तर पेला नि पुठ्ठा घेऊन त्याला अंगणातल्या झाडावर नेऊन ठेवा. मार्गशीर्षातल्या पहाटे दव पडतं, तेव्हा काकडआरतीहून परतताना बांधावरची जाळी मोत्यांनी भरलेली दिसतील. दोन मिनिटं थांबून पाहा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥