राजीनामा तेवढा देऊ नका

ऐक गं. मालकांचं लिव्हर गेलंय, पोटात पाणी होतंय, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तू दिव्यांगाच्या सर्टिफिकेटसाठी चकरा मारतेयस. त्या थांबव. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, लिव्हर नाही. ‘टक्के बसवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नकोस. मालकांना नजरेचं, हातापायाचं वेगळं काही असेल, तरच 40 टक्क्यांचं बघ.

आधी त्यांची पगाराची चिठ्ठी काढ. लातूर-नांदेडच्या एमआयडीसीत कामाला असतील आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, तर ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत जलोदरासह (पोटात पाणी होऊन) झालेला लिव्हरचा सिरोसिस नावानिशी आहे. सरासरी मजुरीच्या 80 टक्के रक्कम, दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी दोन वर्षं सलग नोकरी आणि त्या काळात किमान 156 दिवसांची वर्गणी लागते. म्हणूनच सांगते, ‘आता झेपत नाही’ म्हणून राजीनामा लिहून देऊ नका. नोकरी सुटली की हा हक्कही हातचा जाऊ शकतो.

रोजंदारी असेल तर तहसीलची वाट धर. संजय गांधी निराधारचा पगार महिन्याला 1500. दुर्धर आजारानं कमावता न येणाऱ्यांसाठीही तो आहे. घरचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत हवं. लिव्हरचं नाव तिथं वेगळं लिहिलेलं नाही, म्हणून कागद भक्कम कर. नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवत असाल, तर नुसतं आजाराचं नाव नको, ‘काम करण्यास असमर्थ’ असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घे. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट एकाच फायलीत ठेव. मूळ कागद कुणाच्या हाती सोडू नकोस, झेरॉक्स दे.

इलाजाचा खर्च वेगळा. भरती करतानाच दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठ. महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आता सगळ्या रेशनकार्डांना आहे. लिव्हर बदलायची वेळ आली, तर मुख्यमंत्री सहायता निधीतही अर्ज करता येतो. आजाराचं कारण हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, तर 2018 पासून त्याची तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात फुकट आहेत. तुझी आणि लेकरांचीही तपासणी करून घे.

आणि कुणी ‘पीत होते का?’ म्हणून टोमणा मारला, तर मान खाली घालू नकोस. हिपॅटायटिसनं, चरबीनंही लिव्हर जातं. दारूनं गेलं असलं, तरी लेकरांना दोन घास लागतातच. अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.