नक्षी शाबूत, रबर जीर्ण : मदतवाहनांच्या टायरांचा निर्णय

रायगडच्या किनारपट्टीवर पावसाळा जवळ आला की तहसील कचेऱ्या, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्याकडून पूर्वतयारीच्या याद्या तयार होऊ लागतात. दोर, विजेऱ्या, होड्या, झाडे कापण्याची यंत्रे यांबरोबरच वाहनांचीही नोंद होते. मदतसाहित्य वाहणारा अवजड ट्रक, पाण्याचा टँकर, अग्निशमन बंब यांचे इंजिन सुरू करून पाहिले जाते, ब्रेक व दिवे तपासले जातात आणि नावापुढे ‘चालू स्थितीत’ असा शेरा पडतो. टायरांकडे एक नजर टाकली जाते. नक्षी नव्यासारखी दिसते. वाहन फारसे धावलेलेच नसते. तेव्हा टायर बदलण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. धोका असतो तो नेमका येथेच.

मदतवाहनाचे आयुष्य वेगळे

मालवाहू ट्रकचे टायर रस्त्यावर झिजून संपतात. मदतवाहनाचे टायर उभ्या जागी म्हातारे होतात. वर्षातील बहुतेक दिवस ते एका जागी असते आणि मग एखाद्या रात्री त्याला पूर्ण भारानिशी, चिखलातून, दरडींच्या दगडगोट्यांवरून जावे लागते.

अशा रात्री रायगड जिल्ह्याने वारंवार पाहिल्या आहेत. २००५ च्या जुलै महिन्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. झाडे व विजेचे खांब आडवे होऊन मुरूड, श्रीवर्धनकडील रस्ते अडले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. महाड परिसराला पुराचा वेढा असल्याने मदतपथकांना तेथे पोहोचण्यास विलंब झाला. अशा प्रसंगी वाटेत टायर फुटलेले एक वाहन केवळ स्वतः अडकत नाही. अरुंद रस्त्यावर मागून येणाऱ्या सर्वांची वाट ते अडवते.

रबर म्हातारे कसे होते?

रबर हा कायम एकसारखा राहणारा पदार्थ नव्हे. हवेतील प्राणवायू त्यात हळूहळू शिरतो आणि त्याची लवचिकता कमी करतो. टायरमध्ये दाबाने भरलेली हवा हे कार्य आतूनही करीत असते. उष्णता वाढली की ही क्रिया जलद होते. बाहेरील पृष्ठभागावर ओझोन वायू बारीक भेगा पाडतो आणि उन्हातील अतिनील किरण त्यात भर घालतात.

यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरामध्ये मेणासारखे संरक्षक पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरताना दबतो, वाकतो आणि त्यामुळे हे पदार्थ पृष्ठभागावर येत राहतात. जो टायर महिनोन्‌महिने हलतच नाही, त्याला हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. ‘वापरला नाही म्हणून चांगला राहिला’ हा समज म्हणूनच फसवा आहे. शिवाय उभ्या वाहनाचा भार टायरच्या एकाच भागावर पडून तो भाग चपटा होतो.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी हवा. तिच्यामुळे रिम गंजते आणि टायरची कड जेथे रिमवर बसते तेथून हवा झिरपू लागते. भेगा खोल गेल्या की दमट हवा आतील पोलादी तारांपर्यंत पोहोचते. तारा गंजल्या की रबराची त्यांच्यावरील पकड सुटते आणि एखाद्या दिवशी, भार व वेग वाढताच, वरचा थर उखडून येतो. बाहेरची नक्षी तोपर्यंत शाबूत असू शकते.

नियम आणि एक धडा

आपल्याकडील केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अवजड वाहनाच्या टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. हा दंडक झिजेचा आहे, वयाचा नव्हे. क्वचित धावणारे वाहन तो सहज पार करते. कार्यालयीन नोंदीतही टायरचा हिशेब बहुधा किलोमीटरमध्ये मांडला जातो. या दोन्ही मापांनी पाहता जुना टायर नवाच ठरतो.

केवळ नक्षीवर विसंबण्याची किंमत इंग्लंडमध्ये मोजावी लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या प्रवाशांच्या बसचा पुढील टायर सरे परगण्यात फुटला. बस रस्ता सोडून झाडावर आदळली व तिघांचा मृत्यू झाला. त्या टायरची नक्षी कायद्याने पुरेशी होती. त्याचे वय मात्र एकोणीस वर्षांहून अधिक होते. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे ट्रक व बस यांच्या पुढील आसावर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास मनाई झाली.

वय कसे वाचावे?

टायरच्या बाजूवर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा, अर्थात जून महिना. हे अंक पुष्कळदा एकाच बाजूला असतात. ते आतील बाजूस गेले असल्यास वाहनाखाली जाऊन पाहावे. तीनच अंक आढळले तर तो टायर २००० सालापूर्वीचा समजावा आणि काढून टाकावा. जुन्या टायरवर नवी नक्षी चढविली असली, तरी आतील सांगाड्याचे वय कमी होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

अनेक टायर उत्पादकांचा सल्ला असा की, वापराची पाच वर्षे झाल्यावर दर वर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि निर्मितीपासून दहा वर्षे होताच, दिसण्यात कितीही चांगला असला तरी, टायर बदलावा. दहा वर्षे ही हमी नव्हे, कमाल मर्यादा होय. भेगांत आतील धागे वा तारा दिसणे, बाजूवर फुगवटा येणे, नक्षीचा थर सुटू लागणे, हवा वारंवार उतरणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वय न पाहता टायर बाद करावा.

एक उदाहरण

सहा चाके आणि एक स्टेपनी असलेला एक ट्रक घेऊ. मे २०२५ मध्ये त्याची तपासणी झाली असे समजू. पुढील दोन टायरांवर ‘०९१९’, मागील चारांवर ‘२३१४’ आणि स्टेपनीवर ‘४०११’ असे अंक आहेत. सर्वांची नक्षी उत्तम आहे.

पुढील टायर सहा वर्षांचे आहेत. बारकाईच्या तपासणीत ते निर्दोष ठरले तर ठेवता येतील. मात्र तपासणी दर वर्षी व्हावी. मागील चार अकरा वर्षांचे होत आले आहेत. स्टेपनी तर साडेतेरा वर्षांची आहे. हे पाचही बदलावयास हवेत. स्टेपनीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; पण पुढचे चाक निकामी झाले की रात्रीच्या अंधारात तीच पुढे बसवली जाते.

निधी एकदम उपलब्ध नसेल तर क्रम ठरवावा. पुढील आस प्रथम, कारण तेथील टायर फुटला की सुकाणू हातातून जाते. त्यानंतर स्टेपनी. मग मागील जोडचाके, जेथे एकाचा भार काही काळ दुसरा सोसू शकतो. या उदाहरणात पहिला खर्च स्टेपनीवर व्हावा. मागील टायर बदलेपर्यंत वाहनावर भार कमी घालावा आणि तसा शेरा नोंदवहीत ठेवावा. जोडचाकांतील दोन्ही टायर एकाच वेळी बदलावेत. एक नवा, एक झिजलेला अशी जोडी केल्यास उंच टायरवर अधिक भार पडतो. सर्व चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या ट्रकमध्ये तर चाकांच्या घेरातील फरकाचा ताण गिअरयंत्रणेवरही येतो.

वाळूत वाहन रुतू नये म्हणून टायरमधील हवा कमी करण्याची पद्धत आहे. तसे केल्याने टायरची बाजू अधिक वाकते. जीर्ण रबराला हे सोसत नाही. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा पूर्ववत भरली नाही, तर नवा टायरदेखील तापून निकामी होऊ शकतो.

निगा आणि नोंद

योग्य निगेने टायर आपले आयुष्य पुरे करतो. वाहन सावलीत ठेवावे. वेल्डिंगचे काम चालते त्या जागेजवळ ते उभे करू नये, कारण तेथे ओझोन निर्माण होतो. हवेचा दाब नियमित तपासावा. महिन्यातून एकदा तरी वाहन काही अंतर चालवून आणावे. पुळणीवरून किंवा खाडीच्या पाण्यातून आल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवावीत. टायर चकचकीत दिसावेत म्हणून तेल वा डिझेल चोळणे अपायकारक आहे. बाद टायर उघड्यावर टाकल्यास त्यांत पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास वाढतात. ते अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत.

प्रत्येक वाहनासाठी नोंदवहीचे एक पान पुरते. चाकाची जागा, निर्मितीचा आठवडा व वर्ष, खाचेची खोली, भेगा, हवेचा दाब आणि पुढील तपासणीचा दिनांक, एवढे रकाने त्यात असावेत. त्यावरून ग्रामपंचायतीला पुढील दोन-तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात आधीच करता येते. शाळेची सहल निघण्यापूर्वी शिक्षकांनाही भाड्याच्या बसचे हे चार अंक वाचता येतील. त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

न झिजलेला टायर काढून टाकणे हे हिशेब तपासणाऱ्याला उधळपट्टी वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच निर्णयाचे कारण कागदावर हवे. यादीतील ‘चालू स्थितीत’ या शेऱ्याच्या आधारावर पूरग्रस्त गावातील माणसे मदतीची वाट पाहत असतात. तो शेरा इंजिनाइतकाच टायरांच्या वयालाही लागू असला पाहिजे.