नदीच्या गाळातील हत्ती

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा या गावच्या परिसरात जमीन थोडी खोल खणली, की काळा पाषाण लागतो. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. त्या वेळी पृथ्वीवर हत्तीचे कुळ जन्मासही आले नव्हते. म्हणून या पाषाणात हत्तीची हाडे मिळणार नाहीत. ती शोधावयाची नदीकाठच्या गाळात.

या जिल्ह्याचे पाणी वर्धा व पैनगंगा या नद्यांतून वाहत अखेर गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या काठी, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे, गाळाच्या थरांत एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली. पिल्ग्रिम या भूशास्त्रज्ञाने 1905 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या जातीचे अवशेष प्रथम नर्मदेच्या खोऱ्यात मिळाले. म्हणून तिच्या शास्त्रीय नावात 'नमाडिकस', म्हणजे नर्मदेचा, हा शब्द आला.

हा हत्ती खांद्यापाशी 13 फुटांहून अधिक उंच होई. आजचा आपला नर हत्ती साधारणपणे 9 फूट भरतो. मात्र तो आजच्या हत्तीचा पूर्वज नव्हे, भाऊबंद होय. स्टेगोडॉन नावाचा दुसरा एक भाऊबंद शिवालिकच्या टेकड्यांत व नर्मदाकाठी वावरत असे.

हे ओळखतात कशावरून? मुख्यतः दाढांवरून. हत्तीच्या दाढेवर आडव्या कंगोऱ्यांची रांग असते. गवत दळणाऱ्या हत्तीचे कंगोरे उंच व दाट असतात. स्टेगोडॉनचे मात्र बुटके, घराच्या छपरासारखे उतरते होते. एका दाढेवरून प्राण्याची जात कळते आणि त्याच्या आहाराचाही अंदाज येतो.

हे प्राणी का नाहीसे झाले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी हवामानातील बदल, तर कोणी मानवाने केलेली शिकार हे कारण मानतात. त्याचा निर्णय गाळातील पुराव्यानेच होईल. परंतु हाड कोणत्या थरात होते हे कळले, तरच त्याचा काळ ठरवता येतो. वाळू उपसताना ते फुटले किंवा कोणी उचलून घरी नेले, तर त्याची साक्ष कायमची बुडते.

म्हणून नदीकाठी दगडासारखे जड हाड दिसले, तर त्यास हात लावू नका. जागा नीट ध्यानात ठेवा आणि गुरुजींना कळवा.