दुसरा डाव

इतर व्यवसायांत माणूस स्थिरावतो, त्या वयात बहुतेक खेळाडूंना मैदान सोडावे लागते. पुढे काय, हा प्रश्न क्रिकेटपटू सुरेश रैना यांच्यापुढेही उभा राहिला.

रैना यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९८६ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादनगर येथे झाला. लहान वयातच घर सोडून ते लखनौच्या गुरू गोविंदसिंग क्रीडा महाविद्यालयात दाखल झाले व तेथील वसतिगृहात राहून क्रिकेट शिकले. २००५ साली पहिल्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात ते पहिल्याच चेंडूवर बाद झाले. परंतु खचले नाहीत. कसोटी, एकदिवसीय व टी-ट्वेंटी या तिन्ही प्रकारांत आंतरराष्ट्रीय शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०११ च्या विश्वविजेत्या संघातही ते होते.

१५ ऑगस्ट २०२० रोजी त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. २०२२ च्या आयपीएल लिलावात एकाही संघाने त्यांना घेतले नाही. त्याच स्पर्धेत ते दूरचित्रवाणीवर हिंदी समालोचक म्हणून प्रेक्षकांसमोर आले. हातातील बॅट सुटली होती. खेळाची जाण मात्र सुटली नव्हती. तिला आता शब्दांची जोड हवी होती.

विद्यार्थिमित्रहो, एक वाट बंद झाली, तरी शिकलेले वाया जात नाही.

पाठगत प्रश्न
१. पहिल्या सामन्यातील अपयशानंतर रैना यांनी काय साध्य केले?
२. ‘दुसरा डाव’ हे शीर्षक समर्पक का आहे?