ठेव, व्याज आणि भरवसा

बीड जिल्ह्यात 2023 पासून मल्टिस्टेट पतसंस्थांची शटरं एकामागून एक खाली आली. त्यांतल्या एका संस्थेत आमच्या घरचेही पैसे अडकले. निवृत्तीच्या रकमेतला मोठा हिस्सा तिथे मुदत ठेवीत होता. बँका सहा-सात टक्के देत होत्या, तिथे बारा-तेरा मिळत होते. ते पैसे अजून हाती आलेले नाहीत.

पण मला जास्त सलतं ते दुसरंच. त्या काळात आमच्या मंडळीत जादा व्याजाला प्रभूचा आशीर्वाद म्हणायची सवय पडली होती. उपासना सुटली की चपला घालता घालता एकमेकांना दर सांगितले जायचे. एका विधवा मावशींच्या मुला-सुनेने ऊसतोडीला जाऊन मुकादमाची उचल फेडली, आणि त्यातून उरलेले पैसे मावशींनी तिथेच ठेवले. ठेवीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी पवित्र शास्त्रात, स्तोत्रसंहितेच्या पानांत जपली आहे. ती मला दाखवताना त्यांनी एवढंच विचारलं, "सर, चर्चातलीच माणसं सांगत होती ना?"

या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्यांनी द्यायला हवं. उद्याची चिंता करू नका, असं प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, पण त्याच प्रवचनात पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, असंही सांगितलं. आपण पहिलं वाक्य तोंडपाठ केलं आणि दुसरं सोडून दिलं. पौलाने फिलिप्पैकरांना समाधानाविषयी लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. त्याचं समाधान वाढत्या शिलकेवर उभं नव्हतं. दशमांश द्या म्हणजे दसपट मिळेल, असं जे कुणी व्यासपीठावरून सांगतात, त्यांनी हे पत्र पुन्हा वाचावं. देणं ही कृतज्ञता आहे. तिला गुंतवणूक केलं की मन लोभाकडेच वळतं.

आणि देवावर भरवसा म्हणजे हिशेब न विचारणं, असंही नाही. पंडिता रमाबाईंएवढा विश्वास आपल्यातल्या कितीजणांचा आहे? त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. ती मुदत संपण्याआधीच रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली, पुढे संस्थेला आधार व्हावा म्हणून. त्या प्रार्थनाही करत होत्या आणि झाडंही लावत होत्या.

म्हणून पैसे ठेवण्याआधी चौकशी करा. बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच्या रकमेला विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला, मग ती मल्टिस्टेट का असेना, तो नसतो. इतरांपेक्षा दुप्पट व्याज देणारा ते कुठून देतो, हे तोंडावर विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर उठून या. सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नका. पाळकांनी आणि पंचांनी कुठल्याही योजनेची शिफारस करूच नये, कारण त्यांच्या शब्दाला लोक देवाच्या शब्दाइतकं वजन देतात. आणि कुणाच्या घरी लग्न किंवा दवाखान्याचा खर्च आला तर त्याला पुढच्या हंगामाची उचल घ्यायची वेळ येऊ देऊ नका. मंडळीचा मदतनिधी त्याच्यासाठीच असावा.

ज्यांचे पैसे आधीच अडकलेत, त्यांनी पावत्या घरात ठेवून बसू नये. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आहे. त्याखाली गुन्हा दाखल होऊन संस्थाचालकांची मालमत्ता जप्त करता येते. मूळ पावती सांभाळा, झेरॉक्स जोडून तक्रार द्या आणि पोच घ्या. मंडळीतल्या शिकलेल्या मुलामुलींना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या रविवारी उपासनेनंतर तासभर थांबा आणि म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून द्या.