छोट्यांसाठी गोष्ट लिहिताना : आवाज कोणाचा?





यंदा आपण पहिली ते तिसरीच्या वाचन तासासाठी घरच्या घरी लिहिलेल्या गोष्टी मागवल्या होत्या. आवाहन सर्वांनाच होते. आठवी-नववीची मुले, आई-वडील, आजी-आजोबा, शिक्षक. प्रतिसाद मनापासून मिळाला. दोन शनिवारी या गोष्टी मी स्वतः दुसरीच्या वर्गात वाचून दाखवल्या, आणि त्या दोन तासांत जे पाहिले त्यावरून हा लेख लिहीत आहे. एक आधीच सांगते. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, बी.ए.लाही हिंदी साहित्यच होते. मराठी मी घरात ऐकली आणि पुढे नोकरीत लिहायला शिकले. तेव्हा व्याकरणाची चूक आढळली तर हक्काने सांगावी.

पहिल्या शनिवारी तिसऱ्या गोष्टीपर्यंत पोचेतो अर्धा वर्ग खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कबुतरांकडे बघत होता. गोष्टी वाईट नव्हत्या. शुद्धलेखन चांगले, विषय चांगले, प्रत्येकीत काही ना काही शिकवण. एकीची सुरुवात साधारण अशी होती : "एका विशाल वृक्षावर एक अतिशय सुंदर व चिमुकली खारुताई आपल्या लाडक्या पिल्लांसमवेत आनंदाने वास्तव्य करीत होती." वाचताना मलाच धाप लागली. सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यासमोर या वाक्यातून काय उभे राहते? झाड कोणते, ते कळत नाही. खार काय करते आहे, तेही नाही. 'वास्तव्य' हा शब्द तर तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतो.

दुसऱ्या शनिवारी मी एक प्रयोग केला. तीच खार, पण असे सांगितले : "शाळेच्या कडुनिंबावर एक खार होती. तिची तीन पिल्लं होती. दोन झोपली होती. तिसरं म्हणालं, मला झोप येत नाही." मी थांबले. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग?"

गोष्ट लिहिणाऱ्याला हवे असते ते हे 'मग'. घरात आजी गोष्ट सांगते तेव्हा ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये 'हं' म्हणायचे असते, आणि 'हं' आला नाही की आजी विचारते, झोपलास का रे? लिहिताना समोर कोणी नसते, म्हणून आपण विसरतो की तो 'हं' म्हणायला जागा सोडायची आहे. लांब वाक्यात ती जागाच नसते. छोट्यांसाठी वाक्य एका श्वासात मावावे, आणि लिहून झाल्यावर ते मोठ्याने वाचून पाहावे. ओठ अडखळले तर शब्द बदलावा. मला माहीत असलेली याहून सोपी कसोटी नाही.

आता आवाजाबद्दल. गोष्ट कोणीतरी सांगत असते, आणि तो सांगणारा मुलापासून किती अंतरावर उभा आहे, हे मुलाला दुसऱ्याच ओळीत कळते. बऱ्याच गोष्टींतला सांगणारा व्यासपीठावर उभा होता. काही गोष्टींत तो गालगुच्चा घेणाऱ्या पाहुण्यासारखा होता : "तर बरं का बालमित्रांनो, इवलंसं गोडुलं ससुलं..." 'बरं का' एकदा चालते. दर दोन ओळींनी आले की मूल ओळखते की हे आपल्याला लहान समजत आहेत. सात वर्षांच्या मुलाला स्वतःला लहान वाटत नसते. त्याला पहिलीतली मुले लहान वाटतात.

हिंदीत शिकल्यामुळे माझ्या मनात पहिले उदाहरण प्रेमचंदांच्या 'ईदगाह'चे येते. १९३३ सालची ही कथा. हामिद चार-पाच वर्षांचा, आजीजवळ राहणारा पोरका मुलगा. ईदच्या जत्रेत महमूदकडे बारा पैसे, मोहसिनकडे पंधरा, आणि हामिदकडे तीन. बाकीचे शिपाई, भिश्ती, वकील अशी मातीची खेळणी घेतात. हामिद चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना आजीची बोटे पोळतात. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाच, आणि हामिद छाती घट्ट करून तीन म्हणतो. नंतर वाटेवर चिमटा थोर की खेळणी थोर यावर मुलांचा जो वाद होतो, तो खरा मुलांचा वाद आहे, तर्कटी आणि हट्टी. प्रेमचंद मध्येच थांबून "पाहा, त्याग किती महान" असे मुलांना सांगत बसत नाहीत. खरे म्हणजे कथा केवळ मुलांसाठी लिहिलेली नाही. तिच्यात सावकाराच्या काळजीची, गरिबीची मोठ्यांची वाक्ये आहेत आणि मुले ती सहज ओलांडून जातात. पण पैशांची मोजदाद आली की वर्गात बोटांवर हिशोब सुरू होतो. बारा, पंधरा आणि तीन, एवढ्यावरच मुलाला हामिदची सारी परिस्थिती समजते.

मराठीत साने गुरुजींचे उदाहरण घ्यावेच लागेल, कारण आपल्या बहुतेक गोष्टी नकळत त्यांचेच अनुकरण करतात आणि चुकीच्या जागी करतात. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तीत श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, म्हणजे ऐकणारे समोर बसलेले आहेत. त्यात उपदेश भरपूर आहे, नाही असे नाही. पण आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने दगडावर आपले लुगडे पसरावे असा हट्ट श्याम धरतो, तो प्रसंग आठवा. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, हे तिथे आई आपल्या हट्टी मुलाला म्हणते. लेखक वाचकाला म्हणत नाही. आणि ते म्हणण्याआधी तिने हट्ट पुरवलेला असतो! आपण हट्ट गाळतो, लुगडे गाळतो आणि उपदेश तेवढा शेवटी 'तात्पर्य' म्हणून ठेवतो.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अगदी वेगळ्या आवाजात बोलतो. फुरसुंगीचा बनेश फेणे, सडसडीत, सायकलवर, संकटात सापडला की तोंडाने 'ट्टॉक' करणारा. इथे सांगणारा बन्याच्या बरोबरीने धावतो आहे असे वाटते. २०१७ साली यावर चित्रपट आला तेव्हा नववीतल्या काही मुलांनी वाचनालयातून पुस्तके मागून नेली, हे मुद्दाम नोंदवते. घरोघरी सांगितली जाणारी चिऊ-काऊची गोष्टही घ्या. पावसात कावळा दार ठोठावतो आणि चिमणी बाळाचे एकेक काम पुढे करून त्याला थांबवत राहते. या गोष्टीचे तात्पर्य काय? मला आजवर सांगता आलेले नाही. चिमणी चांगली की वाईट यावर दुसरीच्या वर्गात भांडण झाले आणि तास संपला तरी मिटले नाही.

आपल्या इंदूरच्या मुलांपुरता एक प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्यात माझा एक अपराध आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने वार्षिक अंकासाठी गोष्ट दिली होती. अनंत चतुर्दशीच्या रात्री तो पापांच्या खांद्यावर बसून गिरण्यांच्या झांकी बघायला गेला. वाट बघता बघता खांद्यावरच झोपला आणि जागा झाला तेव्हा रस्त्यावर फक्त तुटलेल्या चपला आणि फुगे विकणारा उरला होता. घरी आला तर "आई पोळ्या करून राहिली होती." एवढीच गोष्ट. मी ती 'सुधारली'. झांकीचे 'चित्ररथ' केले, पापांचे 'वडील', आणि आई 'स्वयंपाकात मग्न' झाली. शेवटी एक ओळ माझ्याकडून जोडली, की दुपारी विश्रांती घेतली असती तर ही वेळ आली नसती. अंक छापला. पुढच्या वर्षी त्याच्याकडे गोष्ट मागितली तर तो म्हणाला, "मॅडम, मला मराठी येत नाही." त्याच्या घरात तीन पिढ्या मराठी बोलत होत्या.

'करून राहिली' हे पुण्याच्या पुस्तकात बसत नाही, मान्य. माळव्यात दोनशे वर्षांहून अधिक काळ हिंदीच्या शेजारी राहिलेली आपली मराठी अशी बोलते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'करत होती' असेच लिहायला हवे आणि ते आम्ही शिकवतोच. पण गोष्टीतला इंदूरचा मुलगा आईशी बोलतो तेव्हा त्याने कोणाच्या तोंडची भाषा बोलावी? विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यावर चर्चा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते की शाळेनेच 'झांकी' छापली तर पुढच्या पिढीची मराठी उरणार नाही. त्यांची काळजी खोटी नाही. ज्या घरांत नातवंडे आजीला हिंदीत उत्तर देतात ती घरे आपण सगळेच ओळखतो. माझे म्हणणे इतकेच होते, की त्या मुलाची मराठी 'झांकी'ने गेली नाही, 'चित्ररथा'ने गेली. शेवटी असे ठरले : निवेदन प्रमाण भाषेत, संवाद घरच्या बोलीत, आणि संपादनात शुद्धलेखनापलीकडे मुलाला विचारल्याशिवाय एकही शब्द बदलायचा नाही.

एक अडचण सुटलेली नाही. छोट्यांच्या गोष्टीत 'झाले, गेले' लिहावे की 'झालं, गेलं'? कानाला 'झालं' जवळचे वाटते. पण आपली मुले देवनागरी हिंदीबरोबरच शिकतात आणि तो अनुस्वार नाकातून वाचतात. 'गेलं'चे 'गेलम्' करणारे दर वर्गात निघतात. म्हणून वाचून दाखवायच्या गोष्टीत 'गेलं' लिहा, आणि मुलाने स्वतः वाचायच्या गोष्टीत सध्या निवेदनात 'गेले' आणि संवादात 'गेलं' ठेवा. याहून चांगला उपाय कोणा पालकांना सुचला तर कळवावा.

दुसऱ्या शनिवारी सर्वांत जास्त 'मग?' मिळालेली गोष्ट एका आजींची होती. रंगपंचमीच्या गेरमध्ये राजवाड्यापाशी नातवाची एक चप्पल हरवते, तो एका पायात चप्पल घालून लंगडी घालत घरी येतो आणि वाटेत भेटणारा प्रत्येक रंगलेला माणूस त्याला विचारतो, दुसरी कुठे? प्रत्येकाला तो निराळे उत्तर देतो. आजींनी सोबत चिठ्ठी जोडली होती, की मला लिहिता येत नाही, सुनेने लिहून घेतले आहे.

पुढच्या फेरीच्या गोष्टी महिनाअखेरपर्यंत वाचनालयात द्याव्यात. कागदाच्या एकाच बाजूस, मोठ्या अक्षरात, दोन पानांपेक्षा जास्त नको. सांगून लिहून घेतलेल्याही चालतील; लिहून घेणाऱ्याने आपले शब्द घालू नयेत. आणि त्या जुन्या अंकातली झांकीची गोष्ट आमच्याकडे फक्त छापील आहे, माझ्या शब्दांतली. त्याच्या हातचे मूळ पान शाळेच्या कपाटात पुष्कळ शोधले, सापडले नाही.