गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग आई असं का बोलते?

"सिस्टर, गुडघा बदलला आणि आई वेडी झाली!" रात्रपाळीत हे मी अनेकदा ऐकलं आहे. दुपारी नीट बोललेली बाई रात्री सलाईन ओढते, गेलेल्या माणसांना हाका मारते, पोटच्या लेकाला ओळखत नाही. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. याला डिलिरियम म्हणतात. शरीरावर ताण आला की मेंदूचा काही काळ असा गोंधळ उडतो.

गुडघा किंवा खुबा बदलल्यावर बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत हा त्रास दिसतो. वय जास्त, आधीचा विसराळूपणा, दारूची सवय, कमी ऐकू येणं, कमी दिसणं असेल तर धोका वाढतो. पडून खुबा मोडल्यावर तातडीने केलेल्या ऑपरेशनात तो आणखी जास्त. वेदना, जागरण, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, गुंगीची औषधं ही त्याची कारणं. कारण शोधून उपचार केले की बहुतेकांचा गोंधळ काही दिवसांत ओसरतो. काहींची स्मरणशक्ती सुधारायला आठवडे, कधी महिनेही लागतात.

सगळेच ओरडत नाहीत. कुणी एकदम गप्प होतं, जेवत नाही, दिवसभर झोपून राहतं. "थकली असेल" म्हणून आपण सोडून देतो. तोही डिलिरियम असू शकतो. लगेच नर्सला सांगा.

ऑपरेशनआधी: झोपेच्या गोळ्या, दारू, तंबाखू, मिश्री, काहीही डॉक्टरांपासून लपवू नका. रोजची दारू अचानक सुटली तर जिवावर बेतू शकतं.

ऑपरेशननंतर:
- चष्मा, कानाचं मशीन, कवळी परत द्या.
- घरचं एक माणूस जवळ ठेवा. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे शांतपणे सांगत राहा.
- दिवसा उजेड, रात्री शांत झोप.
- डॉक्टर सांगतील तसं पाणी, जेवण, चालणं.
- दुखणं सोसू देऊ नका. वाद घालू नका, हातपाय बांधू नका.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा धाप लागली तर क्षणभरही थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

घरी आल्यावर गोंधळ दिसला तरी भगताकडे जाऊ नका. थेट दवाखाना गाठा. आईला त्या वेळी अंगारा नको असतो, तपासणी हवी असते.